बाबांना सुट्टे आहेत

थंड पाण्याचा नळ चटके द्यायला लागला की इथला, आखातातला उन्हाळा खरा सुरू झाला असं समजायचं. गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि गार म्हणून सोडलेल्या पाण्यात नुसती चहाची पावडर टाकायची बाकी राहते. मग आम्ही इथले जुने लोक काय करतो, तर गिझर बंद करून टाकतो. त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीच्या गारव्यानं निवत राहतं आणि गरम पाण्याच्या नळातून गार पाणी येतं. सगळा उलटा कारभार. नवीन आलेल्या बायका हे ऐकून हसतात आणि पुढच्या वर्षी गुपचूप तेच करतात. परवा मी गिझरचं बटण बंद केलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच उभी राहिले. किती उन्हाळे हे बटण बंद केलं असेल असं मनात आलं, आणि मोजायचाही कंटाळा आला.

शाळा संपल्या की अल हैलमधली आमची बिल्डिंग रिकामी होते. मी इथल्याच एका भारतीय शाळेत हिंदी शिकवते, त्यामुळे सुट्टी मलाही असते. पण सगळ्यांनाच विमानात बसता येत नाही. जे जातात ते किल्ल्या देऊन जातात. आमच्या दाराशेजारच्या खिळ्यावर शेजारपाजारच्या किल्ल्यांचा घोस लटकतो आणि संध्याकाळी मी तांब्या घेऊन एकेका बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालत हिंडते. बंद घरांना एक वास असतो, झाकून ठेवलेल्या डब्यासारखा. खाली सीबच्या बाजारात नवीन खजूर आलेला असतो, अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी, तोंडात टाकला की विरघळणारा. त्याच्यावर माश्या आणि माणसं सारख्याच आशेनं जमतात. बाकी बाहेर बघण्यासारखं काही नसतं. उन्हाकडे तर बघवतच नाही.

अशात सईचा मेसेज आला. सई माझी मुलगी, पुण्यात कॉलेजला आहे, हॉस्टेलवर राहते. तिनं इंग्रजीत विचारलं होतं, आई, बँकेतून नाण्यांच्या पुंगळ्या आणून त्यात जुनी नाणी शोधायचा छंद अजून करण्यासारखा आहे का गं? तिच्या हॉस्टेलमधली कुणी मुलगी म्हणे बँकेतून दहाच्या नाण्यांची पिशवी घेऊन आली होती आणि रात्रभर सगळ्या जणी चाळत बसल्या होत्या. मी मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. पलीकडे सोफ्यावर अविनाश बसला होता. दाढी वाढलेली, बनियन, समोर टीव्ही चालू आणि आवाज बंद. अविनाश म्हणजे माझा नवरा. त्याच्या कंपनीनं त्याला या महिन्यात नारळ दिला.

नारळ दिला म्हणजे नीट दिला, वाईट बोलले नाहीत. त्याच्या जागी इथला स्थानिक तरुण येणार, देशाचं धोरणच आहे, त्यात कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. आमचा व्हिसा त्याच्या नोकरीवर आहे, तो गेला की माझी शाळाही गेली आणि हे घरही. अविनाशचं वय आता असं की नवी नोकरी मिळेल असं तोही म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण खरी अडचण ती नव्हतीच. खरी अडचण ही, की सईला सांगायला तो तयार नव्हता. तिचं शेवटचं वर्ष आहे, तिला ताण नको, आपण बघू, असं म्हणून त्यानं तिला फोनवर सांगून टाकलं की सुट्टी घेतलीये थोडे दिवस. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, तो शब्द ऐकून माझी सुरी थांबली. हेच आम्ही तिला एकदा आधी सांगितलं होतं. तेव्हा ती तिसरीत होती आणि ते पचून गेलं होतं.

तो उन्हाळाही असाच. तेलाचे भाव पडले होते, बांधकामं थांबली होती, आणि अविनाशसारखे इमारतींच्या खर्चाचा अंदाज काढणारे लोक सगळ्यांत आधी घरी बसले. आम्ही कुणाला सांगितलं नाही. कंपनी सोडून गेलेल्या साहेबांनी महिनाभरात दुसरीकडे लावून देतो, इन्शाल्ला, असं सांगितलं होतं आणि त्या इन्शाल्लावर आम्ही तगून होतो. तिकिटं महाग आहेत म्हणून या वर्षी जात नाही, असं शेजाऱ्यांना सांगितलं. सईला सांगितलं, बाबांना सुट्टी आहे. ती नाचलीच. तिचे बाबा तिला एरवी सुट्टीच्या शुक्रवारीच दिसायचे, तेही झोपलेले.

पहिला आठवडा अविनाश फोनला चिकटून होता. मग फोन वाजायचे बंद झाले आणि तो फोनवर व्हिडिओ बघायला लागला. त्यातच त्याला कुणी एक अमेरिकेतला जाडजूड माणूस सापडला. तो बँकेतून पेटीच्या पेट्या भरून नाणी आणायचा, टेबलावर ओतायचा आणि त्यातून चांदीची जुनी नाणी काढून कॅमेऱ्यापुढे नाचवायचा. उरलेली नाणी परत बँकेत. म्हणजे बिनभांडवली धंदा, असं अविनाशचं म्हणणं. मी म्हटलं, इथे कुठली आलीये चांदी? तो म्हणाला, चांदी नसेल, पण जुनी नाणी असतील की.

झालं. आमच्या बिल्डिंगखाली सलीमभाईंचं वाणसामानाचं दुकान आहे, इथे त्याला बकाला म्हणतात. सलीमभाई रत्नागिरीकडचे, किनाऱ्यावरच्या गावातले. ते दुकानासाठी बँकेतून पाच, दहा, पंचवीस, पन्नास बैशांच्या, म्हणजे इथल्या पैशांच्या, पुंगळ्या आणायचे. अविनाश सकाळी खाली जायचा, त्या पुंगळ्या उसन्या घेऊन वर यायचा आणि संध्याकाळी पुन्हा बांधून परत द्यायचा. कामाच्या दिवशी सकाळी घरच्या कपड्यात दुकानात येणारा माणूस बघून सलीमभाईंना काय समजायचं ते समजलं असणारच. त्यांनी कधी विचारलं नाही. उलट पुंगळ्या काऊंटरखाली बाजूला काढून ठेवायला लागले, आणि वर मला म्हणायचे, वहिनी, भाऊंना सांगा, आज जुन्या आल्यात.

दुपारचं जेवण झालं की पडदे ओढायचे. एसीची घरघर, बाहेर पांढरं ऊन, आणि फरशीवर चटईवर बाप आणि लेक. मध्ये माझी पुऱ्यांची परात. पुंगळीचा कागद सोलला की नाणी परातीत पडायची तो आवाज मला आत बिछान्यावर ऐकू यायचा. सईनं स्टीलच्या वाट्या मांडलेल्या असायच्या, प्रत्येक नाण्याची वेगळी वाटी, जसं काही पान वाढून ठेवलंय. तिच्या बोटांना काळं लागायचं आणि हातांना धातूचा तो आंबूस वास यायचा, साबणानं धुतला तरी न जाणारा. संध्याकाळी पुंगळ्या पुन्हा वळायला कागद म्हणून माझ्या शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका फाडल्या जायच्या. सलीमभाईंच्या गल्ल्यात त्या उन्हाळ्यात ‘संधि-विच्छेद कीजिए’ लिहिलेल्या पुंगळ्या होत्या. मला हसू यायचं आणि त्याच वेळी रडूही यायचं. धडधाकट माणूस भर दुपारी नाणी निवडतोय, आणि आपण झोपल्याचं सोंग करून पडलोय, हे काही बरं नव्हे.

सईचं मराठी तेव्हा अगदीच कच्चं होतं. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, आणि मराठी फक्त आमच्या दोघांपुरतं. दुकानात सलीमभाई म्हणायचे, सुट्टे आहेत का? घरात आम्ही म्हणायचो, सुट्टी आहे. तिच्या डोक्यात दोन्ही एक झालं. सकाळी उठली की विचारायची, बाबा, आज पण सुट्टे आहेत? आणि तिच्या बाबांना रोजच सुट्टे असायचे. एकदा चिपळूणहून माझ्या आईचा फोन आला. सईनं फोन खेचून घेतला आणि आनंदानं सांगून टाकलं, "आजी, बाबांना खूप सुट्टे आहेत." आईलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. पलीकडून आई शांतपणे म्हणाली, असू देत गं बाई, जपून वापरा म्हणावं. ती आपली नाण्यांबद्दलच बोलत होती. अविनाशनं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघांनी माना खाली घातल्या.

ते नाणं सापडलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी आमटीला फोडणी देत होते. अविनाश स्वयंपाकघरात आला आणि तळहात पुढे केला.  त्यावर एक झिजलेलं पन्नास बैशांचं नाणं.

"विभा, साल वाच."

मी ओट्यावरच्या दिव्यात धरून वाचलं. इथल्या जुन्या नाण्यांवर साल अरबी आकड्यांत, हिजरी कालगणनेतलं असतं. एक, तीन, नऊ, शून्य. तेराशे नव्वद. त्यानं इंटरनेटवर सगळं वाचून ठेवलं होतं. तेराशे नव्वदची नाणी म्हणजे या देशाचं नावसुद्धा वेगळं होतं तेव्हाची, ती आता गल्ल्यात सापडत नाहीत, हौशी लोक शोधत असतात. नाण्यावर देशाचं नावही होतंच, पण ते अरबी लिपीत, ते आम्हाला कुठलं वाचता येणार. आकडे मात्र आपल्यासारखेच दिसतात, ते आम्ही वाचले. मी पुन्हा वाचलं. शून्यच होतं, गोल, स्वच्छ.

मी काही पैशानं हुरळणारी बाई नाही. किती मिळतील हे मी विचारलंही नाही. पण अविनाश आंघोळीला गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यानं दाढी केलेली होती. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. संध्याकाळी मुतरहच्या बाजारात जुन्या नाण्यांच्या दुकानात जाऊन येतो म्हणाला. त्याचा तो तुळतुळीत चेहरा बघून मला इतकं बरं वाटलं की मी शिरा करायला घेतला. तुपात रवा भाजल्याचा वास सुटला आणि किती तरी दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

सई झोपेतून उठून आली. अविनाशनं तिला मांडीवर घेतलं आणि नाणं दाखवलं. तिच्या शाळेत तेव्हा अरबी सुरू झालं होतं, आकड्यांपर्यंत आले होते. तिनं डोळे चोळत वाचलं, थर्टीन नाइंटी फाइव्ह.

"नव्वद गं," अविनाश म्हणाला. "हे बघ, शून्य."

"बाबा, हा पाच आहे. झीरो म्हणजे नुसता डॉट असतो."

आम्ही दोघं त्या नाण्याकडे बघत राहिलो. खरंच होतं. अरबी पाच म्हणजे हुबेहूब आपलं शून्य, आणि अरबी शून्य म्हणजे नुसतं एक टिंब. पन्नासच्या नाण्यावर तेच गोल आणि त्याच्या शेजारी टिंब इतकी वर्षं आमच्या हातातून गेलं होतं. पण नाणी कोण वाचतं? आकारावरून ओळखतो आणि देऊन टाकतो. आम्ही दोघं मराठी शाळेत शिकलेले, पाटीवर गोल गोल शून्य गिरवलेले. डोळ्यांना जे शिकवलं तेच त्यांना दिसलं. तेराशे पंचाण्णवची नाणी मात्र ढिगानं होती, वाटीत आणखी सापडली असती.

मला वाटलं, आता हा पुन्हा बनियन घालून सोफ्यावर बसणार.  पण अविनाश हसायला लागला. आधी हळू, मग इतका की सईला मांडीवर हिसके बसायला लागले आणि तीही हसायला लागली. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं इस्त्रीच्या बाहीला पुसलं. मग शांत झाला आणि नाणं बोटांत फिरवत म्हणाला,

"शून्य समजून बसलो होतो, विभा. पाच निघाले. अगदीच काही नाही असं नाही."

आम्ही शिरा खाल्ला. त्यानंतर त्यानं एका माणसाला फोन केला, ज्याला होकार द्यायचं तो टाळत होता. बरका गावाच्या पुढे त्याची एक छोटी कंपनी होती, पगार बराच कमी, काम साइटवर, उन्हातलं. कमी पगारावर जायचं नाही असं तो अडून बसला होता. त्या संध्याकाळी हो म्हणून टाकलं. जायचा दिवस येईपर्यंत नाणी चालूच राहिली, फक्त साल वाचायचं काम सईकडे गेलं. अविनाश तिला अर्बाब म्हणायला लागला, म्हणजे इथल्या बोलीत मालक. यल्ला अर्बाब, चला, वाचा. ती टेचात वाचायची. एकही किमती नाणं मिळालं नाही. त्याची नोकरी सुरू झाली त्या सकाळी मी सुटकेचा श्वास सोडला, आणि सई दाराशी बसून रडली, बाबांचे सुट्टे संपले म्हणून.

मेसेज येऊन दोन दिवस झाले तरी मी उत्तर दिलं नव्हतं. काय देणार? मग म्हटलं, निदान बघून तर येऊ. सकाळीच कुरुमच्या बँकेत गेले. काऊंटरवरची मुलगी काळ्या पायघोळ अबायातली, हसरी. मला नाण्यांचा इंग्रजी शब्द ऐन वेळी सुचेना, तोंडून निघून गेलं, खुर्दा. चिपळूणला माझे वडील म्हणायचे तो शब्द. तिला लगेच समजला, इथेही सुट्ट्या पैशांना तोच म्हणतात. तिनं विचारलं, दुकान आहे का तुमचं? नाही म्हटल्यावर तिला नवल वाटलं. हल्ली कुणी मागतच नाही, सगळे फोन दाखवून पैसे देतात, म्हणाली. सलीमभाईही परवा तेच म्हणत होते, गल्ला उघडायचं विसरायला झालंय. तरी तिनं आत जाऊन प्लास्टिकची चार पाकिटं आणली. गाडीत बसून बघितली तर सगळी नवीकोरी, चकचकीत, एकाच सालाची. त्यात शोधायचं काय? स्टिअरिंग हाताला भाजत होतं. करण्यासारखं काही उरलं नाही गं, असं सईला लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

खरं सांगायचं तर मी थकलेय. ऊन, किल्ल्या, दुसऱ्यांच्या तुळशी, आणि घरात एक माणूस जो सगळ्यांना सुट्टी आहे म्हणून सांगतोय, या सगळ्यानं थकलेय. तेव्हा खोटं बोलायला अंगात बळ होतं. समोर आयुष्य होतं, ते खोटं भरून निघणार होतं. आता सईशी फोनवर बोलताना मी शब्द तोलत बसते आणि फोन ठेवला की पाठ दुखते. अविनाशला मी दोनदा म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, काय सांगू? बाप पुन्हा शून्यावर आला म्हणून सांगू?  मी पाकिटं टेबलावर ठेवली आणि आत जाऊन पडले. दोन दिवस ती तशीच पडून होती, कुणी हात लावला नाही.

काल दुपारी पडदे ओढून पडले होते. डोळा लागत होता तेवढ्यात आवाज आला. परातीत नाणी ओतल्याचा. मी उठले नाही. चार पाकिटांचा तो आवाज मी पुरा ऐकला. मग बाहेर आले तर अविनाश चटईवर बसलेला, चष्मा कपाळावर, एकेक नवं नाणं डोळ्यांजवळ नेऊन साल बघतोय. सगळ्यांवर एकच साल आहे हे त्यालाही कळत होतं. तरी बघत होता. मी परातीच्या दुसऱ्या बाजूला बसले. मला गुडघे दुमडता येत नाहीत आता, पाय पसरून बसले.

तेवढ्यात सईचा व्हिडिओ कॉल आला. अविनाशनं फोन बरणीला टेकवून उभा केला आणि एका हातानं नाणी परातीतच सरकवत राहिला. ती हॉस्टेलच्या खोलीत होती, केस ओले. बोलता बोलता थांबली. कसला आवाज येतोय म्हणाली.  अविनाशचा हात परातीत तसाच राहिला. ती कान देऊन ऐकत होती. तिला तो आवाज ओळखू आला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं मला. मराठी आता तिला उत्तम येतं, पुण्यानं शिकवलं. तरी अगदी तिसरीतल्या सईसारखं, चुकीचं, हळू बोलली.

"बाबा, तुला सुट्टे आहेत?"

अविनाशनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. परवा सुट्टी म्हणाला तेव्हाच कळलं असेल, की त्या उन्हाळ्याचंच कधी तरी मोठी झाल्यावर कळलं असेल, कोण जाणे. तिनं नाण्यांचं का विचारलं तेही आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडावा तसं आलं, नाण्यांच्या आडून ती त्या उन्हाळ्याचंच विचारत होती.  बोलायचं त्याला होतं.

त्यानं चष्मा खाली ओढला. 

"आहेत गं," तो म्हणाला. "या वेळी बहुतेक कायमचेच."

"मग मी येते. परीक्षा झाली की लगेच."

तिकीट महाग आहे, इथे भयंकर ऊन आहे, आम्हीच आता सगळं आवरून येणार तिकडे, असं सगळं माझ्या ओठावर आलं होतं. अविनाशनं हातानंच मला थांबवलं.

"ये अर्बाब," तो म्हणाला. "साल वाचायला कुणी नाही इथे. आम्हाला अजून पाचाच्या जागी शून्यच दिसतं."